खाल्लं मीठ

मॅडवास्कात एप्रिल म्हणजे चिखल,
गॅरेजच्या जमिनीवर अंथरलेला पुठ्ठा
आणि पुठ्ठ्यावर ओडील, उताणी,
छातीवर ग्राइंडर, झोपलेल्या मांजरासारखा.
मी दिवा धरून. माझं काम एवढंच.
एकवीस वर्षं शाळेची बस चालवली,
पण वेल्डिंगमधलं मला कळतं ते इतकंच
की तिकडे बघायचं नाही.

पिकअप तिच्या बापाचा. एकोणऐंशी सालचा फोर्ड,
कधीकाळी हिरवा.
बटाट्याची पोती वाहिली, सरपण वाहिलं,
एकदा चर्चची घंटा, दुरुस्तीला नेलेली,
प्रत्येक खड्ड्यात वाजत गेलेली.
चाळीस हिवाळे इथल्या रस्त्यांनी त्याला मीठ चारलं.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
हा जागला बिचारा, उणे तीसमध्येही पहाटे पाचला सुरू झाला.
मीठच त्याला जागलं नाही.

आता बोटानं टोकलं तरी भोक पडतं.
दाराखालची पट्टी हातात आली
शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी.
ओडील म्हणते, कापत जायचं,
पत्रा खणखणीत वाजेल तिथे थांबायचं.
हातोडीनं टकटक करत पुढे सरकते,
डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतात तशी.
भद्द.
भद्द.
भद्द.
मी मनात म्हणतो, आभाळ फाटलंय बाई,
ठिगळ कुठे कुठे लावशील?
ठण्ण.
"इथे," ती म्हणते, आणि खडूनं रेघ ओढते.

रेघेवर कापलं तेव्हा आतून सांडली
ओंजळभर माती
(शेत विकून सतरा वर्षं झाली),
उंदराचं घरटं, लाल लोकरीचं,
कुणाचा तरी एकच हरवलेला हातमोजा,
त्यापायी कुणीतरी बोलणी खाल्ली असतील.
आणि एक ठिगळ.
मेपलच्या पाकाचा डबा उभा कापून,
सहा रिव्हेट ठोकून, वर डांबर फासलेलं.
ओनेझीमचं काम.
ओडीलनं डांबर खरवडलं.
अर्धं झाड दिसलं, झाडाला टांगलेली बादली,
आणि 'शुद्ध' एवढाच शब्द.
भोवतीच्या कारखान्याच्या पत्र्याचा भुगा,
डबा तसाच.

बाप-लेक सहा वर्षं बोलत नव्हते, हे गावाला माहीत,
शेत विकलं त्या दिवसापासून.
सातव्या वर्षी बोलायला तोच उरला नाही.

ती पुठ्ठ्यावर पडून राहिली.
माझा हात भरून आला, दिवा हलायला लागला.
मग म्हणाली, "रिव्हेट तिरपे आहेत."
मग थोड्या वेळानं, "सहातले दोन."
राहू द्यायचं का, मी विचारलं.
"डब्याला वेल्ड धरत नाही. जळतो,"
आणि छिन्नीनं एकेक रिव्हेट उडवला,
सावकाश,
जखमेवरची पट्टी सोडवावी तसा.

नवा पत्रा काळा, खोक्यातून आलेला,
कुठलाच हिवाळा न पाहिलेला.
एका दमात शिवत जायचं नाही, ओडील सांगते,
ताव जास्त झाला की पत्रा रुसतो, पिळवटतो.
इथे एक टाका. मग पार त्या टोकाला एक.
मध्ये थांबायचं.
हात लावून बघायचं, निवला का.
दुपारभर ती टाके घालत होती,
थांबत होती,
हात लावून बघत होती.
मी तिकडे बघत नव्हतो.

संध्याकाळी दार लागलं. एकदाच ओढून, खट्ट.
हिरव्या अंगाला काळी किनार.
रंग जूनमध्ये देऊ म्हणाली, म्हणजे नाहीच.

हातपाय धुऊन आलो तर ती भिंतीशी उकिडवी.
उंदीर गॅरेजात शिरतात त्या भोकावर
डबा सपाट करून ठोकत होती.
सहा खिळे.
वाकून पाहिलं. दोन तिरपे.

मी काही म्हटलं नाही. दिवा विझवला.
बाहेर भुरभुर सुरू झालेली,
आणि एप्रिल अर्धा सरला तरी
मिठाची गाडी रस्त्यानं चाललेली,
मागे पांढरं सांडत.